प्लॅटिनमच्या कणाचा जमाखर्च



टॉर्चमधला साधा सेल फोडला की मधोमध कोळशाची कांडी निघते आणि तिच्याभोवती ओलसर काळी पूड घट्ट दाबून बसवलेली दिसते. हात काळे करणारी ही पूड म्हणजे कार्बनच्या भुकटीत कालवलेला मँगनीज डायऑक्साइड. लेक्लांशे या फ्रेंच अभियंत्याने १८६६ साली ही जोडणी केली आणि तेव्हापासून ती पूड सेलमध्ये आहे. भंडारा जिल्ह्याला तिची ओळख करून द्यायला नको. तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खुल्या खाणीतले मँगनीज डायऑक्साइडचे खनिज देशातल्या ड्राय बॅटरी उद्योगाला जाते, आणि त्याच ठिकाणी मॉइल या खाणकंपनीचा इलेक्ट्रोलिटिक मँगनीज डायऑक्साइडचा कारखाना आहे. या पदार्थाची कृती अशी: खनिज भाजायचे, गंधकाम्लात विरघळवायचे, द्रावण शुद्ध करायचे आणि उकळीच्या जवळ तापलेल्या टाकीत त्यातून वीज सोडायची. दिवसामागून दिवस इलेक्ट्रोडवर काळी, जाड खपली धरत जाते. ती ठोकून काढायची, दळायची, धुवायची. विजेचे आणि रसायनाचे लग्न या जिल्ह्यात कधीच लागलेले आहे. आज ज्या सेलविषयी मी बोलणार आहे त्याच्याही पोटात काळी पूडच असते. मात्र टॉर्चमधली पूड खर्च होते, ही होत नाही; आणि हिच्यात प्लॅटिनम असते.

मिथेनॉलवर चालणाऱ्या फ्युएल सेलचा विषय निघाला की पहिली हरकत ठरलेली असते: प्लॅटिनम परवडणार कोणाला? हरकत खोटी नाही. जगभरच्या खाणींतून वर्षाकाठी निघणारे प्लॅटिनम दोनशे टनांच्या आतच असते, सोने तीन हजार टनांच्या वर निघते. आणि प्लॅटिनमचा मोठा वाटा एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येतो. म्हणून गेली कित्येक वर्षे संशोधनाचा सगळा ओघ ‘प्लॅटिनमला पर्याय’ या दोन शब्दांकडे वाहतो आहे. माझे म्हणणे निराळे आहे. धातूचा भाव हा या सेलचा मुख्य प्रश्न नव्हे. सेलमध्ये घातलेल्या प्लॅटिनमपैकी किती अणू खरोखर कामाला लागतात, ते किती तास टिकतात, आणि सेल थकल्यावर त्यातले किती परत हाती येतात, हा मुख्य प्रश्न आहे. या तिन्ही आकड्यांचा जमाखर्च एका वहीत मांडला तर चित्र बदलते. आज बहुतेक ठिकाणी फक्त पहिला आकडा मांडला जातो, आणि त्यामुळे आपण चुकीच्या गोष्टीवर जास्त मेहनत घेतो.

आधी यंत्राची ओळख. डोबेरायनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८२३ साली हायड्रोजनचा झोत प्लॅटिनमच्या सच्छिद्र गोळ्यावर सोडला आणि काडी न लावता तो पेटला. प्लॅटिनम मात्र होते तसेच राहिले. स्वतः न झिजता दुसऱ्यांची क्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थांच्या या गुणाला बर्झेलियसने १८३५ मध्ये नाव दिले; आपण त्यांना उत्प्रेरक म्हणतो. १८३९ साली विल्यम ग्रोव्हने प्लॅटिनमच्याच पट्ट्यांवर हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यापासून वीज मिळवली. मिथेनॉल त्याहून जुने. रॉबर्ट बॉइलने १६६१ मध्ये लाकडाच्या ऊर्ध्वपातनातून ते वेगळे केले होते, म्हणून त्याला काष्ठमद्यही म्हणत. या द्रवाचे आधी हायड्रोजनमध्ये रूपांतर न करता तो सरळ सेलमध्ये घालून वीज काढायची कल्पना वापरण्याजोगी झाली ती १९९० नंतर, अमेरिकेतल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात. तिथे नोबेल विजेते जॉर्ज ओला आणि मूळचे कर्नाटकातले सूर्यप्रकाश यांनी हे काम पुढे नेले. आपल्याकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ए. के. शुक्ला यांनी या सेलवर दीर्घकाळ काम केले.

सेलच्या मधोमध एक पातळ पटल असते. ते प्रोटॉनना वाट देते, इलेक्ट्रॉनना देत नाही. एका बाजूला पाण्यात कालवलेले मिथेनॉल, दुसऱ्या बाजूला हवा, आणि पटलाच्या दोन्ही अंगांना काळ्या पुडीचा लेप. मिथेनॉलचा एक रेणू आणि पाण्याचा एक रेणू प्लॅटिनमवर येतात. त्यातून कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू, सहा प्रोटॉन आणि सहा इलेक्ट्रॉन सुटतात. प्रोटॉन पटलातून पलीकडे जातात, इलेक्ट्रॉनना तारेतून वळसा घ्यावा लागतो, आणि तो वळसा म्हणजेच आपली वीज. मोहाची फुले वेचणाऱ्या या मुलखात एक शंका हमखास येईल: मग मोहाच्या दारूवर का चालवू नये? त्या दारूतले अल्कोहोल म्हणजे इथेनॉल. त्याच्या रेणूत कार्बनचे दोन अणू एकमेकांना धरून असतात आणि ती जोडी प्लॅटिनमला सहजी फोडता येत नाही. रेणू पुरता जळाला तर बारा इलेक्ट्रॉन मिळायचे, पण बहुतेक रेणू ॲसिटिक आम्लापाशी थबकतात आणि चारच देतात. मिथेनॉलमध्ये कार्बन एकटाच आहे, म्हणून त्याचे सहाच्या सहा पदरात पडू शकतात.

आता पहिला आकडा: किती अणू कामाला लागतात? क्रिया घडते ती धातूच्या पृष्ठभागावर, पोटातल्या अणूंना मिथेनॉल कधी भेटतही नाही. एक ग्रॅम प्लॅटिनमचा ठोकळा केला तर त्याची बाजू साडेतीन मिलिमीटरांच्या आसपास येते आणि सगळा पृष्ठभाग एक चौरस सेंटिमीटरही भरत नाही. तेच एक ग्रॅम तीन नॅनोमीटर व्यासाच्या गोळ्यांत वाटले तर पृष्ठभाग नव्वद चौरस मीटरांच्या वर जातो, म्हणजे दहा लाखपटींहून जास्त. अशा एका गोळीत प्लॅटिनमचे नऊशेच्या आसपास अणू असतात आणि त्यातले तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वरच्या थरात येतात. या गोळ्या बनवण्याची एक नेहमीची रीत बघण्यासारखी आहे. प्लॅटिनमचे पिवळसर नारिंगी द्रावण ग्लायकॉलमध्ये घालून त्यात बारीक कार्बन ढवळतात आणि तापवत नेतात. धातू द्रावणातून बाहेर येऊन कार्बनवर बसतो. वरचा द्रव निवळून रंगहीन झाला की समजायचे, सगळे प्लॅटिनम कार्बनवर उतरले. खरे कौशल्य त्या बसण्यात आहे. धान आवत्या पेरले की कुठे दाट उगवते, कुठे मोकळे राहते. रोवणीत मात्र प्रत्येक रोपाला आपली जागा मिळते. कार्बनवर प्लॅटिनम रोवणीसारखे बसले पाहिजे. दाटीवाटीने बसलेले कण एकमेकांना चिकटतात, वाढतात, आणि वर आलेले अणू पुन्हा पोटात जातात. मग अजून लहान कण का नकोत? कारण फार लहान कणांचे अणू सैल धरलेले असतात. ते विरघळतात आणि शेजारच्या मोठ्या कणावर जाऊन बसतात. लहानाने झिजायचे आणि मोठ्याने पुष्ट व्हायचे, असे चालते. म्हणून दोन ते चार नॅनोमीटर हा मधला मार्ग स्थिरावला आहे. याहून बारीक करून आता फार काही मिळण्यासारखे उरलेले नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

वर आलेला अणूही मोकळा असतोच असे नाही. मिथेनॉल आपले हायड्रोजन एकामागून एक सोडते आणि शेवटी उरतो कार्बन मोनॉक्साइड. बंद खोलीत शेगडी पेटवल्याने माणसे दगावतात ती याच वायूमुळे. रक्तातल्या लोहाला तो जसा घट्ट धरतो तसाच प्लॅटिनमलाही धरतो. त्याला उठवायचे तर शेजारी ऑक्सिजन हवा, आणि तो पाण्यातून घ्यावा लागतो. पाणी फोडून तो भाग धरून ठेवायला प्लॅटिनमला ०.६ ते ०.७ व्होल्ट लागतात. सेलची पुस्तकी क्षमताच मुळात १.२१ व्होल्टची, त्यातले निम्मे कण साफ करण्यातच गेले तर हाती काय उरणार? रुथेनियम हेच काम पुष्कळ कमी व्होल्टला करते. वातानाबे आणि मोतू या जपानी संशोधकांनी १९७५ मध्ये याचा उलगडा केला: प्लॅटिनमने मिथेनॉल फोडायचे, शेजारच्या रुथेनियमने पाणी धरायचे, आणि दोघांनी मिळून कार्बन मोनॉक्साइड जाळून टाकायचा. पितळेसाठी ओळखल्या जाणाऱ्या भंडाऱ्यात ही गोष्ट पटवून द्यावी लागू नये. तांब्यात जस्त मिसळले की एकट्या तांब्यात नसलेले गुण येतात. धातूची सोबत ही गुणाची बाब आहे. आणखी एक योग असा की मिथेनॉल ज्या उत्प्रेरकावर तयार होते तोही तांबे आणि जस्ताचा ऑक्साइड यांचाच असतो. १९६० च्या दशकात ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने तो रूढ केला. पितळेचीच दोन मूलद्रव्ये, वेगळ्या रूपात. मात्र रुथेनियम हा टिकाऊ सोबती नाही. ते हळूहळू विरघळते, पटल ओलांडते आणि हवेच्या बाजूच्या प्लॅटिनमवर जाऊन बसते. अमेरिकेतल्या लॉस अलामोसच्या संशोधकांनी २००४ मध्ये हे दाखवले. म्हणजे एका बाजूची सोय दुसऱ्या बाजूला अडचण होऊन बसते, आणि ही गोष्ट तासाभराच्या चाचणीत कधीच दिसत नाही.

आणखी एक गळती मिथेनॉलची स्वतःची. पटलाला पाणी आणि मिथेनॉल यांतला फरक नीट कळत नाही. पाण्याबरोबर मिथेनॉलही पलीकडे झिरपते, हवेच्या बाजूच्या प्लॅटिनमवर फुकट जळते, आणि तिथे ऑक्सिजनची वाट अडवते. इंधन जाते ते जातेच, वर व्होल्टही जातात. माजी मालगुजारी (मामा) तलावाच्या पाळीला भोक पडले तर पाणीही जाते आणि खालची बांधीही बिघडते, तसे हे दुहेरी नुकसान आहे. त्यावर रूढ तोडगा म्हणजे मिथेनॉल पातळ करणे. सेलला प्रत्यक्षात मिळते ते वजनाने तीन टक्क्यांच्या आसपासचे द्रावण. शुद्ध मिथेनॉलचा डबा बाहेर, आत तीन टक्के, आणि मध्ये पंप, मिसळणारी टाकी, मोजणारा सेन्सर. हा सगळा पसारा पटलाच्या एका अवगुणामुळे मांडावा लागतो.

इतके सांगितल्यावर वही उघडतो. मिथेनॉलच्या सेलमध्ये दोन्ही बाजू मिळून चौरस सेंटिमीटरला चार मिलिग्रॅम मौल्यवान धातू धरला आणि तेवढ्या जागेतून ५० मिलिवॉट वीज मिळाली असे मानले, तर वॉटमागे ८० मिलिग्रॅम होतात. १०० वॉटच्या सेलला आठ ग्रॅम, म्हणजे पाऊण तोळ्याच्या आसपास. हायड्रोजनच्या सेलमध्ये चौरस सेंटिमीटरला ०.३ मिलिग्रॅम आणि एक वॉट धरला तर त्याच १०० वॉटना ३० मिलिग्रॅम पुरतात. फरक अडीचशेपटीहून जास्त आहे. हिशेब ढोबळ आहे, पण दिशा खरी आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी कंपनी यांनी मिळून केलेली फ्युएल सेलची बस २०२२ साली रस्त्यावर आली ती हायड्रोजनची; ती मिथेनॉलची का नाही, याचे उत्तर या अडीचशेत आहे. वाहन ओढण्याचे काम मिथेनॉलच्या सेलला देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण वही इथेच मिटू नका. आठ ग्रॅमचा तो सेल ५,००० तास चालला तर ५०० युनिट वीज देतो, ग्रॅममागे सुमारे ६२ युनिट. तोच सेल १०,००० तास टिकला तर ग्रॅममागे १२५. म्हणजे आयुष्य दुप्पट करणे आणि प्लॅटिनम निम्मे करणे, हिशेबात दोन्ही सारखेच. पुढे बघा. मिथेनॉल जळून जाते, प्लॅटिनम जळत नाही. सेल मेला तरी धातूचा मोठा भाग त्या काळ्या लेपातच पडून असतो. दहापैकी नऊ भाग परत काढता आले, तर खरा खर्च आठ ग्रॅमचा न राहता ०.८ ग्रॅमचा होतो. एवढी दहापट बचत कणाचा आकार बदलून आता कोणालाही साधणार नाही. गहाण टाकलेले सोने आणि विकलेले सोने यांत जो फरक, तोच इथे आहे. सेलमधले प्लॅटिनम गहाण आहे. ते सोडवून आणण्याची व्यवस्था मात्र हवी. थकलेला सेल परत करा आणि ठेव घेऊन जा, एवढ्या साध्या रीतीने ती सुरू होऊ शकते. तरीही निबंधांमागून निबंध येतात ते नव्या कणांचे: फुलासारखे कण, तारेसारखे कण, पोकळ कण, स्वस्त धातूच्या गाभ्यावर प्लॅटिनमची साल. काचेच्या भांड्यात गंधकाम्ल आणि मिथेनॉल घेऊन काही तास वीज मोजायची आणि जुन्या पुडीपेक्षा अमुक पट जास्त असा आकडा द्यायचा. त्या मेहनतीला मी कमी लेखत नाही. पण भांड्यातला पहिल्या तासाचा विद्युत्प्रवाह आणि सेलमधला पाच हजाराव्या तासाचा विद्युत्प्रवाह या वेगळ्या वस्तू आहेत. सालीखालचा स्वस्त गाभा आम्लात विरघळला, की ते धातूचे आयन पटलात जाऊन बसतात आणि प्रोटॉनची वाट अडवतात. पहिल्या तासाला मिळालेले बक्षीस पुढच्या महिन्यात व्याजासकट परत जाते.

इथे कोणी म्हणेल, आपल्या जिल्ह्यात मँगनीज असताना प्लॅटिनमची मिनतवारी का करायची? ही हरकत मला मनापासून आवडते, आणि म्हणूनच तिला खरे उत्तर द्यायला हवे. इथल्या मँगनीजचा लौकिक जुना आहे. भूशास्त्रज्ञ फर्मोर यांनी १९०९ च्या आपल्या ग्रंथात या पट्ट्यातल्या एका मँगनीजयुक्त खडकाला गोंडांच्या नावावरून ‘गोंडाइट’ म्हटले आणि ते नाव जगभर चालते. मँगनीजचे ऑक्साइड ऑक्सिजनचे काम करू शकतात हेही खरे. झिंक-एअर सेलमध्ये हवेच्या बाजूला ते वापरतात. पण ते चालते अल्कलीमध्ये. मिथेनॉलच्या रूढ सेलचे पटल आम्लधर्मी आहे, आणि आम्लात मिथेनॉलच्या संगतीत मँगनीज डायऑक्साइड टिकत नाही, विरघळून जाते. प्लॅटिनमला मँगनीज ऑक्साइडची बैठक दिली की विद्युत्प्रवाह वाढतो असे प्रयोगांत दिसते. ती वाढ किती दिवसांची, हे विचारल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये. पटल अल्कलीधर्मी घेतले तर मिथेनॉल जळून झालेला कार्बन डायऑक्साइड अल्कलीला कार्बोनेट करून टाकतो. त्यावर काम चालू आहे, ते व्हावे. हवेच्या बाजूला लोखंड, नायट्रोजन आणि कार्बन यांचा उत्प्रेरक वापरण्यात मला अधिक आशा दिसते, कारण झिरपून आलेल्या मिथेनॉलकडे तो ढुंकूनही पाहत नाही. त्याचीही अडचण टिकाऊपणाचीच आहे. म्हणजे कोणत्याही वाटेने गेलो तरी आपण त्याच दारात येऊन उभे राहतो: किती तास?

दुसरी हरकत लिथियमच्या बाजूने येते, आणि ती जास्त वजनदार आहे. तोशिबाने २००९ मध्ये मोबाईल चार्ज करणारा मिथेनॉलचा छोटा सेल जपानात विकायला काढला होता. फक्त ३,००० नग निघाले आणि ती वाट तिथेच संपली. खिशातल्या वस्तूंची लढाई लिथियमने जिंकली, हे मान्य करावे. पण जर्मनीची एसएफसी एनर्जी ही कंपनी ‘एफॉय’ या नावाने मिथेनॉलचे सेल वर्षानुवर्षे विकते आहे. तिचे गिऱ्हाईक म्हणजे जिथे तार पोचत नाही आणि माणूस रोज जाऊ शकत नाही अशा जागा. आपल्या जिल्ह्यात अशा जागा आहेत. कोका आणि नागझिऱ्याच्या जंगलातली बिनतारी केंद्रे, वैनगंगा आणि तिच्या उपनद्यांवरची पाण्याची पातळी सांगणारी यंत्रे. २० वॉटचे एक केंद्र पावसाळ्याचे १२० दिवस अखंड चालवायला सुमारे ५८ युनिट वीज लागते. ती नुसत्या लिथियमच्या बॅटरीत साठवायची तर तीन-साडेतीनशे किलोचे ओझे होते. मिथेनॉलचा सेल चौथा हिस्सा ऊर्जाच विजेत बदलतो असे धरले तरी ५०-५५ लिटर मिथेनॉल पुरते. अर्थात सूर्य पावसाळ्यातही अगदी मावळत नाही. सौर पट्ट्या थोडेफार देतातच. म्हणून मी सेल आणि सौर पट्टी यांची जोडी सुचवतो, आणि या जोडीला एक नैसर्गिक आधार आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, हवा कोरडी होते आणि सेलमधले पाणी उडून जाऊ लागते. तेव्हा सेल त्रासतो, पण ऊन भरपूर असते. आषाढ-श्रावणात ऊन दडते, तेव्हाच्या दमट, थंडावलेल्या हवेत सेल उत्तम चालतो. एकाच्या अडचणीचा काळ तोच दुसऱ्याच्या भराचा. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेच्या पुराने भंडारा शहरात पाणी भरले, ते दिवस आठवून पाहा. पाणी किती वेगाने चढते आहे हे सांगणारे यंत्र आणि ते ऐकणारे बिनतारी केंद्र अशा रात्री जागे राहावे, यासाठी दोन ग्रॅम प्लॅटिनम महाग नाही. २५ वॉटच्या सेलला आजच्या ढोबळ हिशेबाने तेवढेच लागते.

तिसरी हरकत विषाची. मिथेनॉल हे जहाल विष आहे. थोडके घोट डोळे घालवतात, आणखी थोडे जीव घेतात. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. जिथे दारू गाळण्याची चाल आहे तिथे हा द्रव उघड्या पिंपातून आणणे हा अपराध ठरेल. माझ्या मते यात तडजोड नको. सीलबंद डबा, सेललाच जुळणारे तोंड, डोळ्यांत भरेल असा रंग, आणि परतीची ठेव, जी प्लॅटिनमसाठीही हवीच आहे. कडू द्रव्य किंवा रंग मिसळताना ते पटलाला आणि उत्प्रेरकाला बाधत नाहीत ना, हे तपासावे लागेल, कारण प्लॅटिनमला गढूळपणा सोसत नाही. आणि हे सेल घरोघर देऊ नयेत. वनखाते, पाटबंधारे आणि आरोग्य केंद्रे यांच्या ताब्यातच राहावेत.

राहिला धुराचा प्रश्न. एक किलो मिथेनॉल जळले की १.३७५ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो, सेलमध्ये जळो की चुलीत. मिथेनॉल दगडी कोळशापासून केले असेल तर हवामानाच्या दृष्टीने त्याची भलावण करता येणार नाही. ते तणसापासून आणि राईस मिलच्या कोंड्यापासून केले तर मात्र सुटणारा कार्बन धानानेच हवेतून घेतलेला असतो. तणस हे इथल्या जनावरांचे खाणे आहे आणि कोंडा मिलच्या भट्टीत जातो, हे विसरून मोठमोठे आकडे फेकणे बरोबर नाही. पण ५५ लिटरांसारख्या गरजेला जिल्ह्याचा गोठा रिकामा करावा लागत नाही. सुरुवातीला मिथेनॉल बाहेरून आणावे. आपल्या देशात बरेचसे आखातातून येतेच. तणसापासून मिथेनॉल करण्याचा कारखाना ही पुढची आणि मोठ्या भांडवलाची गोष्ट आहे, तिच्यासाठी सेलला थांबवून ठेवू नये.

शिक्षकी पेशातल्या माणसांकडे मला आता वळायचे आहे. नवा नॅनोकण शोधायला कोट्यवधी रुपयांचे सूक्ष्मदर्शक लागते आणि ते मोठ्या शहरांतच असते. पण सेल किती तास टिकतो हे मोजायला चिकाटी लागते. तयार विकत मिळणारा छोटा सेल, एक भार, व्होल्ट नोंदवणारे साधे यंत्र आणि रोज वही भरणारी मुले, एवढ्यावर हे काम होते. ते कंटाळवाणे आहे, त्यातून पटकन निबंध निघत नाही, म्हणूनच ते कमी होते. आपल्या मेच्या उन्हात पटल कसे वागते, इथल्या पाण्यातले क्षार त्याला किती लवकर बाद करतात, कोळसा जळतो त्या भागातल्या हवेतला गंधक प्लॅटिनमला किती दिवसांत मारतो, थकलेल्या लेपातून धातू किती परत निघतो, या प्रश्नांची उत्तरे परदेशातल्या प्रयोगशाळेत मिळणार नाहीत. ती भंडारा, तुमसर, साकोली, पवनी इथल्या महाविद्यालयांच्या आवारातच मिळतील. ५,००० तास म्हणजे २०८ दिवस. रोवणी आटोपताना सुरू केलेला सेल शिमग्याच्या तोंडाशी थांबेल. यंदा एखाद्या महाविद्यालयाने ती वही उघडावी, आणि पहिल्या तासाचा आकडा जितक्या हौसेने लिहिला तितक्याच हौसेने शेवटच्या तासाचाही लिहावा, एवढी माझी विनंती आहे.